कोमा म्हणजे काय, असं सासूबाईंनी विचारलं

माझ्या आजारपणातले सगळ्यात गंभीर दिवस मी पाहिलेलेच नाहीत. मी तिथे होते, खाटेवर होते, नाकातली नळी माझ्याच नाकात होती. पण त्या दिवसांबद्दल मला जे काही माहीत आहे ते सगळं ऐकीव आहे. नवऱ्याकडून, सासूबाईंकडून, शेजारच्या खाटेवरच्या हिराबाईंकडून आणि माझी मैत्रीण फिलोमिना हिच्याकडून. प्रत्येकाची हकीकत वेगळी आणि प्रत्येकाच्या हकीकतीत सगळ्यात जास्त धावपळ त्यानेच केलेली. मी सगळ्यांचं खरं मानते. वाद घालायला मी शुद्धीवर कुठे होते?

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या मधल्या वर्षांतली आहे. इतका काळ गेला, तरी ओळखीपाळखीत कुणी असं बेशुद्ध पडलं की आमच्याकडे फोन येतो. ‘सुनंदाताई, तुम्ही कोमात होतात ना? जरा आमच्या वहिनीशी बोलाल का? फार घाबरली आहे.’ मी बोलते. पण फोनवर अर्धं राहून जातं, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे.

भात लावलाय

आम्ही अंधेरी पूर्वेला दोन खोल्यांत राहत होतो. मी, नवरा विलास, सासूसासरे आणि चार वर्षांची मेघा. विलास सांताक्रूझच्या विमानतळावर मालाच्या खात्यात होता. सासरे आप्पा, गिरणी बंद पडल्यापासून घरी होते. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. तेव्हा परगावी फोन करायचा तर आधी आमच्याकडे ट्रंक कॉल नोंदवावा लागे. मग आम्ही तिकडच्या ऑपरेटरला गाठून लाइन जोडून द्यायचो. कानाला हेडफोन लावून दिवसभर बसायचं आणि खरखरीतून माणसाचा आवाज वेचून काढायचा, हे माझं काम. मला ते मनापासून आवडायचं.

गणपती नुकतेच गेले होते. मला थंडी वाजून ताप आला. गोळ्या घेतल्या, घाम येऊन उतरला, दुसऱ्या दिवशी परत आला. त्या दिवसांत इमारतीत निम्मे लोक तापाने पडलेले, त्यामुळे कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही. मलाही नाही. एका सकाळी अंग हलकं वाटलं म्हणून मी ड्यूटीवर गेले.

पुढचं फिलोमिनाने पाहिलं. ती मरोळच्या जुन्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती घरातली. बोर्डावर तिची खुर्ची माझ्या शेजारी. तिचं म्हणणं, मी आधी रत्नागिरी मागणाऱ्या माणसाला राजकोट जोडून दिलं. ते कुणाच्याही हातून होतं. पण मग नाशिकचा कॉल मागणाऱ्या एका गृहस्थांना मी अतिशय नम्रपणे सांगितलं, ‘भात लावलाय, तीन शिट्ट्या होऊ द्या.’ ते गृहस्थ म्हणे खरंच थांबले.

फिलोमिनाने माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढला, मानेला हात लावला आणि सुपरवायझरबाईंना म्हणाली, ‘मॅडम, ही भाजते आहे. मी हिला घेऊन जाते.’

रिक्षात बसल्याचं मला आठवतं. समोर टांगलेलं लिंबू-मिरची डोलत होतं आणि ते मला फार मोठं दिसत होतं. ही माझी शेवटची आठवण. त्यानंतरची जी आठवण आहे, ती हॉस्पिटलच्या पंख्याची.

कॉमा, पुढे?

रिक्षा घरी गेलीच नाही. वाटेत मला झटका आला, तेव्हा फिलोमिनाने ती सरळ महापालिकेच्या हॉस्पिटलकडे वळवली. विलास विमानतळावरून पोचला तोवर मी हाका मारून, हलवून, गालावर चापट्या मारूनही उठत नव्हते. रक्त तपासलं, पाठीतून पाणी काढलं. संध्याकाळी एका तरुण डॉक्टरबाईंनी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून सांगितलं, ‘मेंदूचा मलेरिया आहे. त्या कोमात गेल्या आहेत.’

विलास म्हणतो, मलेरिया हा शब्द त्याला कळला आणि त्याला हायसंच वाटलं. मलेरिया म्हणजे कडू गोळ्या. पण कोमा हा शब्द त्याने फक्त सिनेमात ऐकलेला. सिनेमात कोमात गेलेलं माणूस मध्यंतरापर्यंत उठत नाही, आणि उठलं तर त्याला बायको ओळखता येत नाही.

फिलोमिना तोवर एक्स्चेंजला परत गेली होती. तिला कळवायला म्हणून विलासने हॉस्पिटलच्या दारातल्या फोनवरून बोर्डाचा नंबर फिरवला. योगायोगाने फोन तिच्याच एका सोबतिणीने उचलला. ही मुलगी नुकतीच तारेच्या खात्यातून आमच्याकडे आलेली, म्हणजे लोक फोनवर तारेचा मजकूर सांगायचे आणि ती टिपून घ्यायची. विलास म्हणाला, ‘सुनंदा कोमा...’ आणि त्याला पुढे बोलवेना.

ती पेन्सिल घेऊन थांबली. मग म्हणाली, ‘सुनंदा, कॉमा. हां, पुढे?’

विलासने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

‘पुढे काय लिहू? मजकूर सांगा ना.’

विलासने फोन ठेवून दिला. ही गोष्ट तो आता हसून हसून सांगतो. त्या संध्याकाळी मात्र तो तिथेच जिन्याच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. जाणाऱ्या-येणाऱ्यांना वाटलं, ह्याचं कुणीतरी गेलं.

झोपली आहे

घरी जाऊन त्याने सांगितलं, ‘सुनंदाला ताप आहे. औषध दिलंय. झोपली आहे.’

त्याला आईला घाबरवायचं नव्हतं. आप्पांच्या छातीत मध्येमध्ये दुखायचं, त्यांची काळजी होती. शिवाय तो शब्द तोंडातून निघाला की खरा होईल, असं त्याला वाटत होतं, हे त्याने मला नंतर सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही मी झोपलेली होते. तिसऱ्या दिवशीही. मेघाने विचारलं, ‘आई अजून झोपलीच आहे?’ विलास म्हणाला, ‘हो.’

त्या दिवसापासून मेघा झोपायला तयार होईना. अंथरूण घातलं की कोपऱ्यात उभी राहायची. डोळे मिटायला लागले की स्वतःच्या गालावर मारून घ्यायची. सासूबाईंनी गोष्टी सांगितल्या, आप्पांनी खांद्यावर घेऊन गॅलरीत फेऱ्या मारल्या. पोर रडून रडून सुजली, पण झोपेना. शेवटी सासूबाईंना म्हणाली, ‘मी झोपले तर मी पण हॉस्पिटलात राहीन.’

त्याच दुपारी खालच्या मजल्यावरच्या देसाईकाकू भेटायला आल्या. त्यांना खरी बातमी कुठून तरी कळली होती. त्यांनी सासूबाईंचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, ‘कोमा म्हणजे गेल्यातच जमा हो वहिनी. आमच्या घरमालकाचा भाऊ तीन वर्षं तसा होता.’

सासूबाईंनी नऊवारीचा पदर खोचला, मेघाला आप्पांकडे दिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा एकटीने बसमध्ये बसून हॉस्पिटल गाठलं.

मराठीत सांगा

पुढचा प्रसंग मी तीन जणांकडून ऐकला आहे आणि ह्या एकाच बाबतीत तिघांचंही एकमत आहे.

सासूबाई मालवणकडच्या. मुंबईत तीस वर्षं काढूनही मालवणी सोडून दुसरं काही बोलायच्या नाहीत. वॉर्डात शिरल्या, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि माझी नाडी बघत असलेल्या डॉक्टरबाईंपुढे जाऊन उभ्या राहिल्या. डॉक्टर मंजिरी तेव्हा जेमतेम पंचविशीच्या असतील.

‘डॉक्टरीणबाई, तुमका मराठी येता?’

‘येतं आजी. मी लातूरकडची आहे.’

‘मगे तो कोमा म्हणजे काय ता माका मराठीत सांगा. माझो झील सांगता, झोपली हा. आमची शेजारीण सांगता, गेल्यात जमा. दोघांतला खरा कोणाचा?’

विलास मध्ये पडायला लागला, ‘आई, अगो, तू...’

‘तू गप रव,’ सासूबाई म्हणाल्या. ‘तू काय सांगतलंस ता माका ठाऊक आसा.’

डॉक्टर मंजिरींनी स्टूल ओढून सासूबाईंना बसवलं आणि स्वतः माझ्या खाटेच्या कडेला टेकल्या.

‘दोघांचंही खरं नाही. झोपलेल्या माणसाला हलवलं की तो उठतो. ह्या उठत नाहीत, म्हणजे ही झोप नव्हे. आणि गेल्यात जमा म्हणाल, तर हा बघा श्वास. स्वतःचा आहे. कोमा म्हणजे खोल बेशुद्धी. एवढाच त्याचा अर्थ. ते आजाराचं नाव नाही. ताप कसा वेगवेगळ्या आजारांत येतो, तसा कोमाही वेगवेगळ्या कारणांनी येतो. ज्याचं जे कारण, त्याप्रमाणे तो माणूस उठतो किंवा उठत नाही. तुमच्या सुनेचं कारण मलेरिया आहे आणि त्याचं औषध ह्या बाटलीतून चाललं आहे.’

‘खोल म्हणजे किती खोल?’

डॉक्टर मंजिरी नंतर मला म्हणाल्या, की इतका नेमका प्रश्न त्यांना तोवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि माझ्या बोटाच्या नखावर आडवं ठेवून दाबलं. माझा हात किंचित मागे सरकला.

‘पाहिलंत? काल एवढंच दाबलं तेव्हा हात नुसता पडून होता. आज ओढला. म्हणजे थोड्या वर आल्या आहेत.’

‘बावीतल्यान वर येतत तसा?’ बाव म्हणजे आमच्याकडे विहीर.

‘अगदी तसंच. पण आजी, मी वचन देत नाही. रक्तातली साखर मध्येच उतरते आहे, तिच्यावर लक्ष ठेवावं लागतंय. अजून एक-दोन दिवस काही सांगता येणार नाही.’

सासूबाईंनी मान हलवली. ‘वचन नको. कळला, ह्या पुष्कळ झाला.’ मग उठता उठता म्हणाल्या, ‘इतक्या सरळ गजालीक कोमा कित्याक म्हणतत कोण जाणे.’ गजाल म्हणजे गोष्ट, आणि कित्याक म्हणजे कशाला.

घरी जाऊन त्यांनी मेघाला मांडीवर घेतलं आणि सांगितलं, की तुझी आई झोपलेली नाही. आईला कोमा झाला आहे. झोप वेगळी आणि कोमा वेगळा. झोपलेलं माणूस सकाळी उठतं. कोमावाल्याला औषध द्यावं लागतं आणि आईला ते दिलेलं आहे. तुला कोमा नाही, तुला फक्त झोप आली आहे.

मेघाने सगळं ऐकून घेतलं. ‘नक्की?’ म्हणून विचारलं. आणि बसल्या जागी झोपली ती दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर उठली. उठल्यावर इमारतीच्या प्रत्येक मजल्यावर जाऊन, कांजिण्या झाल्याचं सांगावं तशा सुरात तिने सांगितलं, ‘माझ्या आईला कोमा झालाय.’

मला तुम्हाला एवढंच सांगायचं आहे, की घरात लहान मूल असेल तर त्याला ‘झोपली आहे’ म्हणून सांगू नका. खरा शब्द सांगा आणि त्याचा अर्थही सांगा. मुलांना खरा शब्द पेलतो.

चिमटे

पेनाच्या त्या प्रकाराचा एक दुष्परिणाम झाला. सासूबाईंच्या हाती परीक्षा घ्यायचं साधन आलं. त्यांच्याकडे पेन नव्हतं, बोटं होती. येता-जाता त्या मला चिमटा काढून बघायच्या. हात हलला की विलासला सांगायच्या, ‘इली हा थोडी वर.’ सिस्टर ओरडल्या, तर म्हणाल्या, ‘तुमची डॉक्टरीण पेन लावता ता चलता?’

माझी आई बोरिवलीहून रोज यायची. तिला हे पाहवेना. ‘माझ्या लेकीला आता तरी छळू नका,’ असं ती एकदा बोलून गेली आणि दोघी विहिणी दोन दिवस खाटेच्या दोन बाजूंना एकमेकींशी न बोलता बसल्या. माझ्या भावाला मला मोठ्या हॉस्पिटलात हलवायचं होतं, विलास नको म्हणत होता. त्यावरून व्हरांड्यात आवाज चढले. ‘तुझी बहीण आहे तशी माझी बायको आहे,’ विलास म्हणाला. ‘मग नवऱ्यासारखा वाग,’ भाऊ म्हणाला. हे शब्द दोघांनाही नंतर पुष्कळ दिवस बोचले. घाबरलेली माणसं जवळच्याच माणसावर ओरडतात. तुमच्याकडेही होईल, फार मनाला लावून घेऊ नका.

त्यांच्यात समेट घडवला हिराबाईंनी. त्या वेसाव्याच्या, म्हणजे वर्सोव्याच्या. मासळीचा धंदा, पायाला न भरणारी जखम आणि साखर, म्हणून शेजारच्या खाटेवर. एकदा विलास काही न खाता बसलेला पाहून त्यांनी त्याला आणि माझ्या भावाला एकत्र हाक मारली आणि डब्यातली भाकरी दोघांच्या हातात अर्धी अर्धी दिली. ‘खावा आधी. मंग भांडा. उपाशी मानूस भांडताना चांगला नाय दिसत.’ दोघे खायला लागले.

मला उठवायचे प्रयत्न सगळ्यांनीच केले. आप्पा भजनी मंडळात गायचे, त्यांनी माझ्या कानाशी पूर्ण आवाजात भजन म्हटलं. मी हलले नाही, पण पुरुषांच्या वॉर्डातून तक्रार आली. विलासने क्रिकेटचा धावफलक वाचून दाखवला. मला क्रिकेट आवडत नाही, हे त्याला माहीत आहे. चिडून तरी उठेन, असं त्याला वाटलं असावं. फिलोमिनाला तर पक्की खात्री होती. ती ड्यूटी संपवून आली, माझ्या कानाशी वाकली आणि बोर्डावरच्या आवाजात म्हणाली, ‘नंबर प्लीज.’ सगळे माझ्याकडे बघत राहिले. काही झालं नाही. तिने पुन्हा म्हणून पाहिलं. मग पर्स उचलून म्हणाली, ‘एंगेज आहे. उद्या येते.’

पंखा

मी डोळे उघडले तेव्हा माझ्याजवळ कुणीही नव्हतं. दुपार होती. आई आणि सासूबाई अबोला सोडून एकत्र चहा प्यायला गेल्या होत्या, विलास औषध आणायला खाली उतरला होता. हिराबाई लेकीने लपवून आणलेली सुक्या बोंबलाची चटणी खात होत्या. मी त्या वासाने उठले, असं त्या शेवटपर्यंत सांगत. डॉक्टर मंजिरींच्या मते बाटलीतल्या क्विनाइनने, म्हणजे मलेरियाच्या औषधाने काम केलं. मी दोघींनाही हो म्हणत आले.

वर पंखा फिरत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. तो मला ओळखीचा वाटत नव्हता. मग मान वळवली तर एक ठसठशीत कुंकू लावलेली बाई माझ्याकडे बघून तोंड हलवत होती, पण तिचा आवाज येत नव्हता. मला वाटलं, बिचारी मुकी आहे.

ती मुकी नव्हती. ‘अगो सिस्टर, ये गो, पोरीनं डोले उघारले,’ असं ती ओरडत होती आणि अख्खा वॉर्ड ते ऐकत होता. मी सोडून.

सासूबाई धावत आल्या आणि सवयीने त्यांनी मला चिमटा काढला.

‘आई गं, दुखतं,’ मी म्हणाले.

हे माझे परत आल्यावरचे पहिले शब्द. सासूबाई मटकन खाली फरशीवर बसल्या. माझी आई त्यांच्या शेजारी बसली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या आणि मी वरून बघत होते, की ह्या दोघींना झालंय तरी काय. माझ्या दंडावर निळे-हिरवे डाग कशाचे, तेही मला कळेना.

कान

कोमाची भीती मला कधी वाटलीच नाही. ती बाकीच्यांनी भोगली. माझ्या वाट्याला आली ती त्यानंतरची भीती.

माझ्या कानांत एक बारीक शीळ वाजत होती, न थांबता, आणि तिच्या पलीकडे सगळं बंद. माणसं तोंडं हलवायची, भांडी पडायची, मला काही नाही. डॉक्टर मंजिरींनी कागदावर लिहून दिलं, ‘औषधामुळे आहे. बहुतेक परत येईल.’ मी तो कागद हातात घेऊन बसले आणि त्यातल्या ‘बहुतेक’ ह्या शब्दाकडे बघत राहिले. ऑपरेटरचे कान गेले तर राहिलं काय? मला दुसरं काही येत नव्हतं. दुसरं काही करायची इच्छाही नव्हती.

घरी आले तेव्हा विलासने हाताला धरून जिना चढवला. पाय कापसाचे झालेले. कंगवा फिरवला की केसांचा पुंजका हातात येई. सासूबाई माझ्याशी हातवारे करून बोलायच्या. एकदा त्यांनी जेवायला वाढू का, हे असं काही करून दाखवलं, की मला वाटलं भूकंप झाला. आम्ही दोघी पोट धरून हसलो. मला माझं हसू ऐकू आलं नाही आणि मग मला रडू आलं. सासूबाईंनी मला जवळ ओढून घेतलं. काय बोलल्या ते कळलं नाही, पण त्यांच्या छातीतला घुमारा माझ्या गालाला जाणवत होता.

पहिला परत आला तो विमानाचा आवाज. आमच्या छपरावरून विमानं इतकी खालून जायची, की एरवी आम्ही वैतागायचो. त्या सकाळी मी तांदूळ निवडत होते आणि लांबून काहीतरी गडगडलं. मी वर पाहिलं. मेघा माझ्याकडे बघत होती. तिने बोट वर केलं आणि काहीतरी विचारलं. मी मान डोलावली, तशी ती आप्पांना सांगायला धावली. मग हळूहळू जाड आवाज आले, मग माणसांचे, आणि सगळ्यात शेवटी बारीक. दिवाळी उलटून गेल्यावर ऑफिसच्या डॉक्टरांनी कान तपासून कागदावर सही केली आणि मी बोर्डावर जाऊन बसले. फिलोमिनाने माझ्या डोक्यावर हेडफोन चढवला. पलीकडून कुणीतरी खरखरीतून ओरडत होतं, ‘हॅलो, कोल्हापूर मिळेल का?’ मी त्यांना म्हटलं, ‘मिळेल ना. तुम्ही सावकाश बोला.’ 

शब्दाचं पुढे काय झालं

आमच्या इमारतीत तो शब्द कायमचा राहायला आला. पाण्याचा पंप बंद पडला की पोरं ओरडायची, ‘पंप कोमात गेला.’ टीव्हीवर मुंग्या आल्या की टीव्ही कोमात. आप्पा दुपारी जेवून आडवे झाले की सासूबाई म्हणायच्या, ‘थोडो येळ कोमात आसत.’ देसाईकाकूंना हे आवडायचं नाही, असल्या शब्दाची चेष्टा करू नये म्हणायच्या. मला मात्र बरं वाटायचं. ज्या शब्दाने विलासला जिन्यावर बसवलं, तो आता पंपाला लावता येतो, ह्याहून चांगलं काय?

मला भेटायला आलेल्यांची मात्र माझ्यामुळे निराशा व्हायची. ‘काय दिसलं गं?’ असं सगळे विचारत. उजेड, बोगदा, कुणी गेलेलं माणूस. मला काही दिसलं नव्हतं. आपण म्हणतो ना, शुद्ध हरपली, भान हरपलं, जसं काही ते कुठेतरी पडलं आणि शोधलं की सापडेल. माझ्यापुरतं सांगायचं तर लिंबू-मिरचीनंतर थेट पंखा आहे, मध्ये काळोखसुद्धा नाही. हे ऐकून लोक चहा घेऊन निघून जायचे.

राऊत

पण एक गृहस्थ तेवढ्यावर गेले नाहीत. पुढच्या वर्षी एका रविवारी ते घर शोधत आले. राऊत. मुलुंडला राहायचे, भांडुपच्या एका कारखान्यात फोरमन होते. डॉक्टर मंजिरींनी पाठवलं होतं. पत्नीच्या मेंदूत रक्तस्राव होऊन ती कोमात होती. राऊत खुर्चीच्या कडेवर बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर.

‘एकच विचारायचंय,’ ते म्हणाले. ‘त्यात असताना ऐकू येतं का?’

हो म्हणावंसं फार वाटलं. पण मी खोटं बोलू शकले नाही. ‘मला आठवत नाही,’ मी म्हणाले. ‘येत असेलही. डॉक्टरांनीही कधी नाही म्हटलं नाही. आमच्या घरचे बोलत राहिले. त्याचा मला काय उपयोग झाला ते ठाऊक नाही, पण त्यांना झाला.’

‘बोलायचं काय पण? आम्ही घरी फारसं बोलत नाही. मशीनवर असतो मी दिवसभर. तिथे कुणाला काही ऐकू जात नाही, तशी सवयच झाली. एकवीस-बावीस वर्षं संसार झाला.’

‘आज सकाळी काय केलंत?’

ते गोंधळले. ‘चहा केला. दूध उतू गेलं.’

‘मग तेच सांगा.’

‘हे सांगू?’

‘हेच सांगा. दूध उतू गेलं, ओटा कसा पुसला, फडकं सापडलं की नाही. सगळं.’

ते उठले, नमस्कार केला आणि गेले. सासूबाई आतून म्हणाल्या, ‘ह्यो काय बोलतलो? ह्येका तर गुडघ्यावरचे हात काढूक येनत नाय.’

त्यांची पत्नी उठली. माझ्यासारखी चटकन नाही. पुष्कळ आठवडे लागले, उजवा हात कमजोर राहिला, शब्द अडखळत येऊ लागले. घरी आणल्यावर राऊतांनी निरोप पाठवला, तशी मी आणि विलास मुलुंडला गेलो. खिडकीशी आरामखुर्चीत त्या बसल्या होत्या. राऊत चहा करायला आत गेले.

मी त्यांना विचारलं, ‘तुम्हाला काही आठवतं का हो त्यातलं?’

त्यांनी मान हलवली. नाही. मग डाव्या हाताने मला जवळ बोलावलं.

‘ताई,’ त्या म्हणाल्या. शब्द एकेक करून येत होते. ‘तुम्ही... ह्यांना... काय शिकवलंत?’

‘का?’

‘आता... गप्पच... बसत नाहीत. दूध उतू गेलं... तरी सांगतात. नाही गेलं... तरी सांगतात.’

तेवढ्यात आतून राऊतांचा आवाज आला. ‘अगं, ऐकलंस का? साखर संपत आलीये. पण आजच्यापुरती आहे. चौघांना पुरेल. आलं जरा जास्त किसलं गेलंय, तुला चालेल ना?’

राऊतबाईंनी माझ्याकडे पाहिलं. बघा, असं त्या डोळ्यांनीच म्हणाल्या. मग खुर्चीत जरा सावरून बसल्या, आतल्या खोलीकडे तोंड केलं आणि उत्तर द्यायला म्हणून पुढचं वाक्य जुळवायला लागल्या.